रूट केलेला फोन अपडेट करताना डेटा पुसावाच लागतो, हे खरे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ, वाशीम, अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य नेहमी ऐकू येते : "फोन रूट आहे, सॉफ्टवेअर मारावं लागंल, डेटा जाईल." रूट करणे म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवणे, आणि सॉफ्टवेअर मारणे म्हणजे ते नव्याने भरणे. गिऱ्हाईक मान हलवते आणि पिकाच्या नुकसानीचे फोटो, व्हॉट्सॲप, नातेवाइकांचे नंबर असे सगळे एका बटणावर जाते. बहुतेक वेळा यातले काहीही जायची गरज नसते. हे वाक्य जिल्ह्याजिल्ह्यांत पक्के बसले आहे, म्हणून हे पत्र.

अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टीमचे भाग वेगळे असतात आणि आपला डेटा 'युजरडेटा' नावाच्या वेगळ्या भागात असतो. अपडेट सिस्टीमचे भाग बदलते, युजरडेटा पुसत नाही. रूट केलेल्या फोनची अडचण दुसरीच आहे. रूट करणारे मॅजिस्कसारखे साधन बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या भागात, बदल करते. कंपनीकडून येणारे छोटे अपडेट म्हणजे जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फक्त फरक. तो लावण्यापूर्वी जुना भाग मूळचाच आहे का, हे तपासले जाते. बूट बदललेले दिसले की अपडेट नाकारले जाते.

इथे सर्वांत मोठी चूक होते. अपडेट होत नाही म्हणून फोन फॅक्टरी रीसेट केला जातो. पण रीसेट युजरडेटा पुसते, बूट इमेजला हात लावत नाही. म्हणजे डेटा गेला, बदललेले बूट तसेच राहिले, आणि अपडेट पुन्हा नाकारलेच जाणार. त्याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे "आधी बूटलोडर लॉक करू, मग अपडेट येईल" हा सल्ला. बूटलोडर म्हणजे कोणती सिस्टीम सुरू होऊ द्यायची हे ठरवणारे फोनचे कुलूप. बूटलोडर उघडताना जसा डेटा पुसला जातो तसाच तो लॉक करतानाही पुसला जातो. शिवाय बदललेली सिस्टीम आत असताना लॉक केले तर फोन सुरू न होण्याचीच शक्यता जास्त. अपडेटसाठी बूटलोडर लॉक करायची गरज नाही.

कामाला हात लावण्यापूर्वी बॅकअप. फोटो आणि कागदपत्रांसाठी इंटर्नल स्टोरेज संगणकावर घ्यावे आणि चार-दोन फाइली तिथे उघडून पाहाव्यात. मोठ्या फाइली साध्या यूएसबी कॉपीत बिघडू शकतात, त्या एडीबी पुलने (एडीबी हे संगणकावरून फोनला आदेश देणारे साधन) ओढाव्यात. नंबर व्हीसीएफ या संपर्कांच्या फाइलमध्ये काढावेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून ताजा बॅकअप घेऊन अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप हे अख्खे फोल्डर उचलावे. मात्र इंटर्नल स्टोरेज कॉपी केले म्हणजे सगळे आले, असे नाही. ॲपच्या आतली माहिती डेटा-डेटा (/data/data) नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते. ई-पीक पाहणीची नोंद केली, पण शेतात नेटवर्क नसल्याने अपलोड राहिली, तर ती अशा कॉपीत येत नाही. असे अडकलेले अपलोड आधी पूर्ण करावे. रूट असल्याने निओ बॅकअप किंवा स्विफ्ट बॅकअपने ॲपसकट डेटा घेता येतो. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स त्याला अपवाद आहेत : त्यांच्या गुप्त किल्ल्या फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागात असतात, त्या बॅकअपमधून परत येत नाहीत. ती ॲप्स पुन्हा नोंदवावी लागतात, म्हणून बँकेत नोंदलेले सिम त्याच फोनमध्ये हवे.

रूट आहे तोवर आणखी एक काम करून ठेवावे. क्वालकॉम चिपच्या फोनमध्ये मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट, तर मीडियाटेकमध्ये एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा या भागांची डीडी नावाच्या आदेशाने जशीच्या तशी प्रत काढून ती संगणकावर ठेवावी. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि नेटवर्कची जुळवणी यांच्यात असते. हे भाग पुसले गेले की सिम टाकूनही टॉवर येत नाही. मग कुणीतरी भलताच आयएमईआय लिहून देतो, जे कायद्याने गुन्हा आहे. मूळ प्रत काही एमबींचीच असते, पण तिच्याविना पुढे मार्ग राहत नाही.

गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्डही आधी तपासावा. खेड्यात पुष्कळ खाती दुकानदारानेच उघडून दिलेली असतात आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. काही कारणाने फोन रिकव्हरीतून रीसेट झालाच, तर तो आधीचेच खाते मागतो आणि तिथेच अटकतो.

आता प्रत्यक्ष अपडेट. सगळ्या फोनला एकच रीत लागू होत नाही. पिक्सेल, मोटोरोला यांसारख्या बऱ्याच फोनमध्ये सिस्टीमचे दोन स्लॉट, म्हणजे दोन जागा, असतात. फास्टबूटमध्ये (संगणकावरून फोनचे भाग लिहिण्याच्या मोडमध्ये) गेटव्हार करंट-स्लॉट विचारले की ए किंवा बी असे उत्तर येते. अशा फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधले आपोआप अपडेट आधी बंद करावे. मॅजिस्कमधले सगळे मॉड्यूल (वरून जोडलेल्या सोयी) बंद करावेत. मग मॅजिस्क ॲपमध्ये अनइन्स्टॉल आणि त्यात 'रिस्टोअर इमेजेस' निवडावे, म्हणजे मूळ बूट परत येते. एवढ्यावर फोन बंद-चालू करायचा नाही. आता सेटिंगमधून अपडेट उतरवून लागू द्यावे. ते रीस्टार्ट मागेल, तेव्हाही दाबायचे नाही. पुन्हा मॅजिस्कमध्ये जाऊन इन्स्टॉलखालचा 'इनॅक्टिव्ह स्लॉट, आफ्टर ओटीए' हा पर्याय (ओटीए म्हणजे नेटवरून आलेले अपडेट) घ्यावा आणि काम संपल्यावर मॅजिस्कमधल्याच रीबूट बटणाने फोन सुरू करावा. रूटही राहते, डेटाही राहतो. नव्या फोनमध्ये पहिल्या सुरुवातीनंतर अपडेट आतल्या आत जोडले जाण्याचे काम काही वेळ चालते. तोवर स्लॉट बदलणे, रीसेट करणे किंवा फास्टबूटमध्ये काही लिहिणे टाळावे. या फोनना अपडेटसाठी युजरडेटामध्ये मोकळी जागाही लागते. स्टोरेज काठोकाठ भरलेले असेल तर अपडेट अर्ध्यातच थांबते, आणि दोष मात्र रूटला दिला जातो.

सॅमसंगमध्ये हीच रीत फोन घालवते. तिथे बूट, इनिट-बूट, रिकव्हरी किंवा व्हीबीमेटा हे सिस्टीमचे भाग मूळ रूपात परत न्यायचेच नाहीत. तसे केले आणि फोन अटकला, तर डेटा पुसून ओडिन या संगणकावरच्या साधनाने पूर्ण फर्मवेअर (कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर) मारण्यावाचून उपाय उरत नाही. सॅमसंगसाठी त्याच मॉडेलचे, त्याच प्रदेशाचे नवे फर्मवेअर उतरवावे. त्यातली एपी, म्हणजे मुख्य सिस्टीमची, फाइल फोनवर नेऊन मॅजिस्कने पॅच करावी (तीत रूटचा बदल घालावा) आणि एडीबी पुलने संगणकावर आणावी. एपी कित्येक जीबीची असते, म्हणून फोनवर तिच्या किमान दुप्पट जागा मोकळी हवी. मग ओडिनमध्ये बीएलच्या खान्यात बीएल, एपीच्या खान्यात ही पॅच केलेली फाइल, सीपीच्या खान्यात सीपी आणि सीएससीच्या खान्यात 'होम सीएससी'. डेटा राहणे-जाणे या शेवटच्या खान्यावर ठरते. साधी सीएससी फाइल फोन पुसते, होम सीएससी पुसत नाही. दोन्ही एकाच झिपमध्ये शेजारी असतात आणि घाईत पहिलीच उचलली जाते. बिल्ड नंबरमधले शेवटून पाचवे अक्षर बूटलोडरची पायरी दाखवते. फोनमधल्यापेक्षा ती खालची असेल तर ते फर्मवेअर लागणार नाही.

शाओमी, रेडमी, पोको यांचे अपडेटर रूट ओळखून छोट्या फरकाऐवजी पूर्ण रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टीम, उतरवते. ते लावले की रूट जाते, डेटा राहतो. नंतर त्याच आवृत्तीच्या रॉममधली बूट इमेज पॅच करून फास्टबूटने लिहिली की रूट परत येते. दुकानात मात्र 'मी फ्लॅश' (MiFlash) हे संगणकावरचे साधन वापरले जाते, आणि त्यात खालच्या कोपऱ्यात 'क्लीन ऑल अँड लॉक' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो डेटा पुसतो आणि बूटलोडरही लॉक करतो. दुसऱ्या देशाचा रॉम मारलेला असेल तर फोन तिथेच संपतो. प्रत्येक वेळी 'सेव्ह युजर डेटा' हाताने निवडावे लागते. पिक्सेलच्या फॅक्टरी इमेजमध्येही असाच सापळा आहे. फ्लॅश-ऑल फाइलमधल्या शेवटच्या आदेशात उणे-डब्ल्यू (-w) असते, ते खोडले नाही तर सगळे पुसले जाते.

मीडियाटेकच्या स्वस्त फोनसाठी एसपी फ्लॅश टूल वापरतात. त्यात 'फॉरमॅट ऑल' कधीही निवडू नये. डेटा तर जातोच, पण एनव्हीरॅमही पुसले जाऊन आयएमईआय जातो. 'डाउनलोड ओन्ली' ठेवावे आणि यादीतल्या युजरडेटाची खूण काढावी.

लिनेजओएससारखा कंपनीबाहेरचा रॉम टाकलेला असेल तर त्याच मोठ्या आवृत्तीतले अपडेट वरून घालता येते आणि मॅजिस्कही सहसा टिकते. एका रॉमवरून दुसऱ्या रॉमवर जाताना मात्र डेटा फॉरमॅट करावाच लागतो. तिथे गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगणेच योग्य.

बूट इमेज नेहमी फोनमध्ये असलेल्या बिल्डचीच घ्यावी, शेवटचा आकडासुद्धा जुळला पाहिजे. जुनी इमेज लिहिली की वायफाय चालू होत नाही, टच मरतो किंवा फोन लोगोवर अटकतो, कारण कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि त्याचे भाग जुळत नाहीत. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या आणि नंतरच्या बहुतेक फोनमध्ये पॅच करायची असते ती बूट नव्हे, इनिट-बूट इमेज. अपडेटनंतर फोन लोगोवर थांबला तर लगेच रीसेटकडे वळू नये. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. तरीही नाहीच उठला, तर बहुधा एखादे जुने मॉड्यूल आडवे येत असते : सेफ मोडमध्ये सुरू केल्यास मॅजिस्क सगळे मॉड्यूल बंद करते. त्यानेही भागले नाही, तर सॅमसंग सोडून इतर फोनमध्ये त्याच बिल्डची मूळ बूट इमेज (पॅच इनिट-बूटला केले असेल तर मूळ इनिट-बूट) फास्टबूटने लिहावी. रूट जाईल, पण फोन डेटासकट उठेल.

"अपडेट नको, जुने अँड्रॉइड परत टाका" अशीही मागणी होते. डेटा ठेवून हे होत नाही. फोनमधला डेटा कूटबद्ध असतो, त्याच्या किल्ल्या चिपमधल्या सुरक्षित भागात असतात आणि त्या सिस्टीमच्या आवृत्तीशी बांधलेल्या असतात. आवृत्ती खाली नेली की किल्ली चालत नाही. डेटा जागेवर असूनही उघडत नाही. त्याच कारणाने युजरडेटाची कच्ची प्रत दुसऱ्या फोनवर निरुपयोगी ठरते आणि पुष्कळ नव्या फोनवर टीडब्ल्यूआरपी या बाहेरून टाकलेल्या रिकव्हरीलाही डेटा वाचता येत नाही. फक्त टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअपवर विसंबू नये.

आपल्याकडच्या परिस्थितीचाही विचार करावा लागतो. फ्लॅशिंग, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणे, सुरू असताना वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला, तर फोन अर्धवट लिहिलेला राहतो. भारनियमनाच्या भागात हे काम बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपवरच करावे, फोनही निम्म्याहून जास्त चार्ज असावा, केबल थेट लॅपटॉपला लावावी. पूर्ण रॉम कित्येक जीबींचा असतो आणि दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर तो अर्धवट उतरून बिघडतो. म्हणून लावण्यापूर्वी फाइलचा चेकसम (फाइल शाबूत आहे का ते दाखवणारा आकडा) जुळवून पाहावा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या दुकानात फोन आधीच तापलेला असतो, तेव्हा हे काम सकाळी उरकावे. आणि खरिपाच्या ऐन हंगामात चालू असलेल्या फोनला हात लावू नये.

दुकानदार बांधवांना विनंती आहे की फोन घेताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : फोनचा बिल्ड नंबर, बॅकअप घेतला की नाही, आणि डेटा पुसायला गिऱ्हाइकाची संमती आहे की नाही. गिऱ्हाइकांनीही विचारावे, "होम सीएससी टाकणार की साधी?", "सेव्ह युजर डेटा निवडलं का?" ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती फोन देऊ नये.

आपले,
मोबाईल दुरुस्तीचे काम करणारे दोन वाचक
दारव्हा, जि. यवतमाळ