ग्राहींचे संशोधन आणि खिशातला पंप

संपादक महोदय,

नोबेलच्या बातमीत संशोधकाचे नाव ठळक छापले जाते, काम मात्र दोन ओळींत उरकले जाते. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या ग्राहींसाठी (पेशीच्या पटलावरची, बाहेरचा संदेश टिपणारी प्रथिने) मिळाले, त्यांतल्याच एकावर माझ्या खिशातला दम्याचा पंप चालतो. त्यातल्या साल्ब्युटामॉल या औषधाला पेशीत शिरावे लागत नाही; पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेल्या बीटा-२ ग्राहीला ते बाहेरूनच चिकटते, ग्राहीचा आकार बदलतो, संदेश पुढे नेणारे आतले जी-प्रथिन कामाला लागते आणि श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू सैलावतात. लेफ्कोविट्झ यांनी १९६८ पासून किरणोत्सारी आयोडीनच्या खुणेने ग्राही हुडकायला सुरुवात केली; कोबिल्का यांच्या गटाने २०११ मध्ये संदेश देणाऱ्या ग्राहीची रचना टिपली. मधली चार दशके (खरी गोष्ट तीच!) आपल्या विज्ञान पुरवणीत सविस्तर यावीत, ही विनंती.

— एक वाचक, पुणे