उनिओनिस्तास म्हणजे जुना सालामांका नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर गेल्या रविवारी स्पेनमधल्या छोट्या क्लबांवर आलेला लेख आवडीनं वाचला. मराठी पेपरात रिआल आणि बार्सिलोनाच्या पलीकडच्या स्पॅनिश फुटबॉलला पाऊण पान मिळावं, हेच मुळात अप्रूप. पण त्यात एक विधान असं आहे की ते तसंच सोडून देववेना. 1923 साली स्थापन झालेला सालामांका शहराचा क्लब कर्जापायी बुडाला आणि 'उनिओनिस्तास' या नव्या नावानं पुन्हा उभा राहिला, असं त्यात म्हटलं आहे. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा चूक आहे, आणि ही चूक दुसऱ्या कुणाच्या आधी उनिओनिस्तासच्याच माणसांना झोंबेल. आपण तो जुना क्लब नाही, हे ते लोक पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. 1997-98 चं शैक्षणिक वर्ष मी सालामांकात काढलं. तिथल्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे अभ्यासक्रम चालतात, त्यातल्या एकाला मी होते. राहायला एका वयस्क विधवा बाईंच्या घरात खोली होती. तोवर फुटबॉल म्हणजे काय हे मला धड ठाऊक नव्हतं. पण त्या घरात रविवारी दुपारनंतर रेडिओ लागायचा तो रात्रीपर्यंत, आणि सालामांकाचा गोल झाला की स्वयंपाकघरातून भांड्यावर डाव आपटल्याचा आवाज यायचा. क्लबचं पूर्ण नाव उनिओन देपोर्तिवा सालामांका. बाई मात्र कायम 'ला उनिओन' म्हणत, घरातल्याच कुणाबद्दल बोलावं तशा सुरात. नवऱ्याचं सभासदत्वाचं कार्ड त्यांनी देव्हाऱ्यापाशी, संतांच्या तसबिरींच्या मागे खोचून ठेवलं होतं.

त्यांचा भाचा मला पहिल्यांदा मैदानावर घेऊन गेला. एल्मांतिको मैदान खुद्द सालामांकात नाही. शहराच्या उत्तरेला, सामोराच्या रस्त्यावर व्हियारेस दे ला रेइना नावाचं गाव आहे, त्याच्या हद्दीत ते येतं. सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर. तिथल्या जानेवारीत काँक्रीटच्या पायरीवर बसायचं म्हणजे बुडाखाली आधी वर्तमानपत्राची घडी घालायची, हे मला पाच मिनिटांत शिकवण्यात आलं. सगळे जण सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडून खात होते. मध्यंतरापर्यंत पायाखाली टरफलांचा असा थर जमला की उठताना करकर वाजायचा. संघाचा पोशाख पांढरा शर्ट नि काळी चड्डी, इतका साधा की शाळेचा गणवेश वाटावा.

त्याच हिवाळ्यात बार्सिलोना तिथे आला. प्रशिक्षक व्हान खाल, आणि पुढे त्या वर्षीचं विजेतेपदही त्यांनीच नेलं. मागे पडलेल्या सालामांकानं तो सामना 4-3 असा जिंकला. मे महिन्यात शेवटच्या फेरीत बार्सिलोनाच्या घरी, काम्प नोउवर जाऊन पुन्हा 4-1. विजेतेपदाचा जल्लोष करायला जमलेल्या लोकांसमोर! जेमतेम दीड लाख वस्तीच्या शहराचा हा संघ. आपल्या लेखात या क्लबला 'तळाच्या विभागांत रेंगाळलेला' म्हटलं आहे. शेवटच्या दोन वर्षांपुरतं आणि मधल्या काही काळापुरतं ते खरं. पण त्यानं पहिल्या विभागात एकूण बारा हंगाम काढले, हे लिहायला जागा पुरली नाही का?

थोडक्यात इतिहास असा. 1923 मध्ये स्थापना. 1970 पर्यंत एल काल्वारिओ नावाच्या जुन्या मैदानावर खेळ. 8 एप्रिल 1970 रोजी एल्मांतिकोचं उद्घाटन, लिस्बनच्या स्पोर्टिंगशी मैत्रीपूर्ण सामना, गोलशून्य बरोबरी. मग गार्सिया त्राबा या प्रशिक्षकाच्या हाताखाली 1974 मध्ये पहिल्यांदा वरच्या विभागात प्रवेश आणि तिथे सलग सात हंगाम. त्या काळातला अर्जेंटिनाचा गोलरक्षक दालेसांद्रो याचं नाव माझ्या घरमालकीणबाईंच्या तोंडी पंधरावीस वर्षांनंतरही असायचं. ऐंशीच्या दशकात घसरण झाली, ती थेट तिसऱ्या पायरीपर्यंत.

आणि मग हुआन्मा लिलो. हा माणूस स्वतः कधी वरच्या दर्जाचं फुटबॉल खेळला नव्हता. त्यानं सेगुंदा बे, म्हणजे तिसऱ्या पायरीवरून संघ उचलला आणि 1995 मध्ये पहिल्या विभागात नेऊन ठेवला. वय अवघं 29. त्या विभागातला तोवरचा सर्वांत तरुण प्रशिक्षक. बढतीचा निर्णायक सामना अल्बासेतेशी दोन टप्प्यांत होता. घरच्या मैदानावर 0-2 अशी हार. शहरानं आशा सोडली. परतीच्या सामन्यात अल्बासेतेत जाऊन 5-0! पुढच्याच हंगामात संघ हरायला लागला, तेव्हा याच लिलोला नारळ मिळाला आणि तरीही संघ खाली गेलाच. त्याच लिलोला पेप ग्वार्दिओला हा नामवंत प्रशिक्षक आपला गुरू मानतो, आणि पुढे मँचेस्टर सिटीत त्यानं त्याला साहाय्यक म्हणून जवळ ठेवलं.

पाउलेताबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आझोर्स बेटांवरचा हा मुलगा पोर्तुगालच्या पहिल्या विभागात एकही सामना खेळलेला नव्हता. 1996 मध्ये तो सालामांकात आला, आल्या वर्षी दुसऱ्या विभागात सर्वाधिक गोल केले, संघाला वर नेलं, आणि दोन वर्षांत निघूनही गेला. पुढे त्याच्या देशासाठी सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम त्याच्या नावावर जमा झाला आणि रोनाल्डोनं मोडेपर्यंत तिथेच राहिला. छोट्या क्लबांचं काम हेच असतं, माणूस घडवायचा आणि विकायचा. विकण्याला माझी हरकत नाही. आलेल्या पैशांचं काय होतं, हा प्रश्न आहे.

1999 नंतर सालामांका पहिल्या विभागात परतला नाही. 2011 मध्ये दुसऱ्या विभागातूनही खाली आला. टीव्हीचे पैसे आटले, देणी तशीच राहिली, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलं. धनकोंशी तडजोड जमली नाही आणि जून 2013 मध्ये क्लब विसर्जित झाला. वय नव्वद.

आपल्या लेखात याचं खापर 'वाईट व्यवस्थापना'वर फोडलं आहे. ते अपुरं आहे. 1990 च्या क्रीडा कायद्यानं स्पेनमधल्या व्यावसायिक क्लबांना भागभांडवलाच्या कंपन्या व्हायला लावलं. सवलत मिळाली ती चौघांना, रिआल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक आणि ओसासुना. हेतू असा होता की कंपनी झाली की हिशेबाला शिस्त येईल, कर्ज बुडवणाऱ्याला जबाबदार धरता येईल. प्रत्यक्षात झालं एवढंच की सभासद भागधारक झाले, आणि ज्याच्याकडे भाग जास्त तो मालक झाला. मालकाला कंटाळा आला किंवा त्याचा दुसरीकडचा धंदा बसला, की इकडे क्लबचा श्वास कोंडला. त्याची परमावधी पाहायची तर सिउदाद दे मुर्सिया पाहा. 1999 मध्ये निघालेला, चार वर्षांत दुसऱ्या विभागात पोचलेला क्लब. 2007 मध्ये तो ग्रानादाच्या एका उद्योजकाला विकला गेला, आणि दुसऱ्या विभागातली त्याची जागा उचलून थेट ग्रानादाला नेण्यात आली. मुर्सियातल्या प्रेक्षकांनी काय करायचं? घरी बसायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. सालामांकाचा क्लब बुडाल्यावर तिथे दोन वाटा फुटल्या.

एक वाट उनिओनिस्तासची. ऑगस्ट 2013 मध्ये पाठीराख्यांनी एकत्र येऊन नवा क्लब काढला. प्रत्येक सभासदाला एक मत, मालक कुणी नाही. जुन्या क्लबला आदरांजली म्हणून आम्ही पांढरा-काळा रंग घेतो, पण त्याचा इतिहास आमच्या नावावर लावणार नाही, ही भूमिका सुरुवातीपासूनची. 2014 मध्ये ते अगदी तळाच्या, प्रांतिक विभागातून खेळायला लागले, जिथे मैदानाच्या कडेला कठडा असला तरी भाग्य! विश्वविजेत्या स्पेनचा प्रशिक्षक विसेंते देल बोस्के याच शहरातला. तोही या क्लबचा सभासद आहे.

दुसरी वाट साल्मांतिनोची, म्हणजे जुन्या क्लबच्या राखीव संघाची. तो मेक्सिकोच्या एका गुंतवणूकदारानं घेतला. एल्मांतिको मैदानही त्याच बाजूला गेलं. आज तो संघ 'सालामांका सीएफ यूडीएस' या नावानं खेळतो, जुन्या क्लबची आद्याक्षरं शेपटाला जोडून. आपल्या लेखात या क्लबचा उल्लेखच नाही. 2018 मध्ये हे दोन्ही क्लब एकाच वेळी सेगुंदा बेमध्ये आले आणि एका शहरात, पूर्वी एकाच पायरीवर बसणारी माणसं दोन बाजूंना बसली. माझ्या घरमालकीणबाई आता नाहीत. त्यांच्या भाच्याचा थोरला मुलगा उनिओनिस्तासला जातो, धाकटा एल्मांतिकोला. नाताळच्या जेवणाला हा विषय काढायचा नाही, असा त्यांच्या घरात नियम आहे म्हणे.

माझं मन उनिओनिस्तासकडे आहे, हे लपवत नाही. पण धाकट्याचंही म्हणणं मला कळतं. ज्या पायरीवर आजोबांनी बसवलं तीच पायरी, तोच रस्ता, तोच वारा. ते सोडून शेजारच्या धावपट्टीच्या मैदानावर तात्पुरत्या बाकांवर का बसायचं? कारण उनिओनिस्तास बरीच वर्षं खेळला तो एल्मांतिकोला खेटून असलेल्या 'लास पिस्तास' या मैदानावर. जानेवारी 2020 मध्ये किंग्ज कप या स्पेनच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत रिआल माद्रिद तिथे आला, तेव्हा सतरा हजारांचं जुनं मैदान शेजारी उभं होतं आणि सामना इकडे जादा बाकं टाकून चालला होता. माद्रिदच्या बेलनं गोल केला. उत्तरार्धात उनिओनिस्तासच्या आल्वारो रोमेरोनं लांबून असा काही फटका मारला की 1-1 झाले. शेवटी माद्रिद 3-1 नं जिंकला. नंतर क्लब पालिकेच्या रेइना सोफिया मैदानावर गेला. जानेवारी 2024 मध्ये तिथे त्याच स्पर्धेत व्हियारेआलविरुद्धच्या सामन्यात दिवे गेले, उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी झाला आणि उनिओनिस्तासनं पेनल्टीवर पहिल्या विभागातला संघ घरी पाठवला. पुढच्या फेरीत बार्सिलोनाविरुद्ध पहिला गोलही यांचाच. निकाल पुन्हा 1-3.

आपल्या लेखकाला हे सामने आठवले आणि त्यावरून 'नव्वद वर्षांच्या क्लबचा पुनर्जन्म' असं सुचलं असावं. वाचायला गोड आहे. पण जो क्लब मेला तो मेला, हे त्याच्याच पाठीराख्यांनी शांतपणे मान्य केलं आणि शून्यातून दुसरा काढला. त्यांनी मिळवलं ते दहा वर्षांत मिळवलं. त्यावर जुन्या नव्वद वर्षांची रंगरंगोटी केली की जुन्यावरही अन्याय आणि नव्यावरही.

तेव्हा विनंती एवढीच. लेखासोबत जो तक्ता छापला आहे, त्यात उनिओनिस्तासच्या नावापुढे 'स्थापना 1923' आहे, तिथे 2013 करावं. 'पहिल्या विभागात 12 हंगाम' हा आकडा तिथून काढून जुन्या क्लबचा वेगळा रकाना करावा, त्यापुढे 1923-2013 लिहावं. सालामांका सीएफ यूडीएसलाही एक ओळ द्यावी, आवडो न आवडो. आणि दुरुस्ती छापणारच असाल तर खालची ओळही पाहावी. लोग्रोनेसच्या बाबतीतही तक्त्यात हाच घोळ आहे. तो क्लब 2009 मध्ये संपला, आणि त्याच वर्षी त्याच्या लोग्रोनो शहरात एक नव्हे, दोन नवे क्लब उभे राहिले, यूडी लोग्रोनेस आणि पाठीराख्यांचा एसडी लोग्रोनेस. आपण दोघांना एकच समजून त्यांचे निकाल एकत्र मिळवले आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
स्पॅनिशची निवृत्त शिक्षिका