‘डोअर टू डोअर’मधलं दुसरं डोअर कुठे गेलं?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नागपूर ते ठाणे घरसामानाची वाहतूक, लोडिंग ११ नोव्हेंबर २०२५. जादा वसुली, उशीर आणि मोडतोड.

आज दुपारी तुमच्या माणसाने मला सतरा मिनिटं गाणी ऐकवली आणि मग सांगितलं की तक्रार ‘क्लोज’ झाली आहे. कोणी केली? ‘सिस्टिमने, सर.’ म्हणून आता हे लेखी.

पार्ट लोड म्हणजे काय, बिल्टी (मालाची पावती) म्हणजे काय हे तुम्हाला शिकवत नाही. तुमचाच धंदा आहे. आईचं नागपूरचं घर आवरून तिला नौपाड्यात आणायचं होतं. पूर्ण गाडीला तुम्ही सगळं धरून ५२,००० सांगितलेत. मी पार्ट लोड घेतला, दुसऱ्याच्या सामानाबरोबर आमचं येणार, ३१,५०० मध्ये. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी जे करता येतं ते सगळं केलं. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळून मंगळवार घेतला. दिवाण, कूलर आणि जुनं कपाट तिथेच विकलं, कारण त्यांच्या किमतीपेक्षा त्यांना आणायचं भाडं जास्त होतं. भांडी, पुस्तकं, बरण्या मी आणि आईने तीन रात्री बसून स्वतः भरल्या, जुन्या लुगड्यांत गुंडाळून. म्हणजे निम्मं काम आम्हीच केलं. तुमच्या सेल्सवाल्याने आणखी एक युक्ती सुचवली होती : ‘कॅश द्या, बिल नको, १८ टक्के वाचतील.’ ती मात्र ऐकली नाही. बिल नसेल तर उद्या भांडायचं कशावर? नशीब माझं.

सामान सात ते नऊ दिवसांत येणार होतं. आलं तेराव्या दिवशी, २४ नोव्हेंबरला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे आणि संपतो भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे. तुमचं गोदामही भिवंडीतच. तिथे सामान तुमच्याच सोयीने पडून राहिलं आणि त्याचं चार दिवसांचं भाडं, रोज ६०० प्रमाणे २,४००, माझ्या नावावर! याला तुमच्याकडे काय म्हणतात ते कळवा, मी मराठीत जे म्हणतो ते इथे लिहीत नाही.

आता २४ तारखेची सकाळ. चौदा फुटी गाडी राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, गल्लीत गाडी जात नाही, छोटा हत्ती (लहान टेम्पो) करावा लागेल, वर चढवायची हमाली वेगळी, ९,५०० रोख. गल्ली अरुंद आहे, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, हे मी सर्व्हेच्या वेळी सांगितलं होतं. गल्लीचा व्हिडिओसुद्धा पाठवला होता. तुमच्या मूव्ह मॅनेजरला फोन लावला.

‘क्वोटेशनवर डोअर टू डोअर लिहिलंय,’ मी म्हणालो.

‘हो सर, डोअर म्हणजे गाडी जाते तिथपर्यंत.’

‘गाडी तर रस्त्यावर उभी आहे.’

‘सर, आमच्या सिस्टिममध्ये गेटलाच डोअर धरतात.’

‘आमच्या गेटपासूनही ती लांब आहे.’

‘सर, तेच सांगतोय ना.’

काय सांगत होता देव जाणे. मी विचारलं, नागपूरला तुमची माणसं चपला घालून थेट आईच्या स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा डोअर कुठलं होतं? क्षणभर शांतता. मग ते वाक्य आलं, जे मी अजून विसरलेलो नाही : ‘सर, तुम्ही लो बजेट कस्टमर आहात. स्वस्तातलं घेतलं की थोडं ॲडजस्ट करावं लागतं.’

लो बजेट! हे ऐकत मी भर रस्त्यात उभा, मागे रिक्षावाले हॉर्न मारतायत, आणि फुटपाथवर देव्हारा. आई खाली आली आणि एवढंच म्हणाली, ‘काऊन बापा, देव रस्त्यावर ठेवले?’ मी पैसे दिले. पावती मिळाली नाही.

जरा हिशोब करा. ३१,५००, त्यात ‘इन्शुरन्स’ म्हणून सामानाच्या दोन लाख किमतीवर तीन टक्के ६,०००, त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी ६,७५०, झाले ४४,२५०. वर ९,५०० आणि २,४००. एकूण ५६,१५०. लो बजेट कस्टमरने पूर्ण गाडीपेक्षा ४,१५० जास्त मोजले आणि त्यात गोदामभाडंही आलं. भिवंडीत सामान तुम्ही अडकवलंत, मी नाही, हे पुन्हा लिहितो.

देव्हाऱ्याचा एक खांब मुळातून मोडला आहे. देव्हारा तुमच्या माणसांनी पॅक केला होता, फोटो आहेत. आम्ही लुगड्यांत गुंडाळलेल्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या मात्र एकही न तडकता आल्या. तरी क्लेम नाकारताना कारण काय, तर ‘ग्राहकाने स्वतः पॅक केलेल्या वस्तू’. पॉलिसी नंबर मागितला तर उत्तर : ‘आमचा इंटरनल इन्शुरन्स असतो.’ विमा विकायला विमा नियामकाची नोंदणी लागते. तुमच्याकडे असेल तर दाखवा, नाहीतर ते ६,००० कशाचे ते सांगा.

रोख घेतलेले ९,५००, गोदामाचे २,४००, विम्याच्या नावाचे ६,००० आणि त्यावरचा जीएसटी परत हवा, देव्हाऱ्याची दुरुस्ती वेगळी. रस्ते वाहतूक अधिनियम २००७ प्रमाणे मालवाहकाला नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते, तर ही ती नोटीस. त्याच कायद्याखालचा तुमचा नोंदणी क्रमांक बिल्टीवर दिसत नाही, तोही कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. लो बजेटवाल्याला परवडेल.

वाईट याचं वाटतं की तुमचं नाव मला शेजाऱ्यांनीच सुचवलं होतं. मार्चमध्ये तेही घर हलवतायत. बिल त्यांनी पाहिलं आहे.

मोडलेला खांब जपून ठेवला आहे. पाहणीला माणूस पाठवणार असाल तर तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्याला दारापर्यंत यायला सांगा.

एक ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)