लेकीला पाठवण्याआधी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावणातला रविवार

प्रिय सखे,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, पण चार ओळींत उरकावा असा प्रश्न तू विचारलेला नाहीस. आज सकाळपासून पाऊस लागून राहिलाय. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३५ फुटांवर गेली म्हणून गल्लीत जो तो एकमेकाला विचारतोय. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आता इथल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झालेत. बाहेर पडायचं काही कारण नाही, म्हणून आज बैजवार लिहिते.

लेक तीन आठवडे आफ्रिकेत जायचं म्हणतेय. तिथल्या अनाथ बाळांना सांभाळायचं, जमेल तसं मुलांना शिकवायचं. पैसे तिनं स्वतः साठवलेत. आणि तू विचारतेस, "तू टांझानियाला राहून आलीस, तूच सांग, पाठवू का?"

सांगते. शिकवायला जरूर पाठव, पण तीन आठवड्यांसाठी नको. आणि बाळांकडे, माझं ऐकशील तर, मुळीच पाठवू नकोस.

रागावू नकोस. पोरीच्या मनात खोट नाही हे मला ठाऊक आहे. माझ्याही नव्हती. म्हणूनच आज सगळं लिहायचं ठरवलंय. परत आल्यावर तुला सांगितलं ते अर्धंच होतं. किलिमांजारोचं शिखर, केळीच्या बागा, पाठीला बाळ बांधून बाजाराला निघालेल्या बायका, एवढंच. उरलेलं सांगायला तेव्हा जीभच रेटली नाही.

मी राहिले मोशीत, किलिमांजारोच्या पायथ्याशी. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. हात रिकामे होते आणि बत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवल्याचा आत्मविश्वास होता. सकाळी शाळा आणि दुपारी बाळांचं घर, असे पाच महिने काढले. शाळेला जायला तिथलं वडाप, त्याला ते 'डालाडाला' म्हणतात. आपल्या गंगावेशीतनं पन्हाळ्याकडे सुटणाऱ्या वडापासारखंच, माणसं कोंबून भरेपर्यंत हलायचं नाही. मला त्यात बसल्यावर घरच्यासारखं वाटायचं.

शाळेचं आधी सांगते, कारण तिथलं समाधान अजून ताजं आहे. चौथीच्या वर्गात सत्तरच्या आसपास मुलं. एका बाकावर चौघं. शिकवणं स्वाहिलीत, सरकारी प्राथमिक शाळांचं माध्यम तेच आहे. आकडे शिकायला बसले आणि पहिल्याच शब्दाला थबकले. त्यांचा 'एक' म्हणजे 'मोजा'! मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, आणि सहाला काय म्हणतात सांग? 'सीता'. मी फळ्यावर सहा काढून सांगितलं की आमच्याकडे हे एका राणीचं नाव आहे, तर वर्ग हसून हसून लोळला. त्या दिवसापासून मी त्यांची 'मवालिमू सीता' झाले. मवालिमू म्हणजे शिक्षक.

पण पहिले पंधरा दिवस माझं चुकत होतं. वर्गाचे मूळचे शिक्षक तरुण होते, तिशीतले. मी गेल्या गेल्या त्यांनी मोठ्या मानानं खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले. मी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत, इंग्रजीत, हातवारे करत शिकवत सुटले. मुलं खूश होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते फार अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता तेव्हा ती गणिताकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात. तुम्ही गेल्यावर त्यांना माझ्याकडे बघायचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर बसले. शाळा सुटली की आम्ही दोघं मिळून साधनं करायचो. सोड्याच्या बाटल्यांची बुचं गोळा केली, खिळ्यानं भोकं पाडली, दहा-दहाच्या माळा ओवल्या. दशक म्हणजे माळ, एकक म्हणजे सुटं बूच. हातच्याची वजाबाकी करायची तर माळ तोडून बुचं मोकळी करायची. मी आपल्या महापालिकेच्या शाळेत चिंचोक्यांवर हेच केलं होतं. त्या माळा अजून वर्गात आहेत, फोटो येतो मला अधूनमधून. मी केलेलं तिथं काही टिकलं असेल तर ते एवढंच, आणि ते टिकलं कारण ते त्या शिक्षकांच्या हातात राहिलं.

आता बाळांचं.

त्या घरात बावीस बाळं होती. मी जाताना 'अनाथ' हा शब्द मनात घेऊन गेले होते. आठवडाभरात कळलं की बहुतेकांची आई बाळंतपणात गेलेली, पण बाप होता, आजी होती, मावशा होत्या. आईचं दूध नाही आणि डब्याची पावडर परवडत नाही, म्हणून बाळ इथं. दोनेक वर्षांचं झालं की परत घरी न्यायचं, असा बेत. एक आजी महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची. केळ्याचा घड घेऊन यायची, नातीला मांडीवर घेऊन तासभर बसायची, एक शब्द बोलायची नाही.

त्या नातीचंच सांगायचंय. मी गेले तेव्हा दहा महिन्यांची होती. माझ्याकडे चार वाजताचा खाऊ भरवायचं काम. खाऊ म्हणजे 'ऊजी', पातळ खीर. पहिल्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वास आला तो थेट आपल्या नाचणीच्या आंबिलीचा! ऊलेझी म्हणतात ते धान्य म्हणजे नाचणीच. नाचणी मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, हे पुस्तकात वाचलं होतं, पण गगनबावड्याच्या डोंगरातलं पीक मोशीच्या चुलीवर भेटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

ती पोर भरवताना माझा डावा अंगठा मुठीत धरायची, घट्ट, आणि मग तोंड उघडायची. अंगठा मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मला त्याचं केवढं अप्रूप! पहिल्या दिवशीच ती माझ्याकडे झेपावली होती. मीच काय, दारातून कुणीही आत येवो, पोस्टमन येवो, ती दोन्ही हात वर करायची. आम्ही बाहेरून आलेल्या सगळ्याजणी म्हणायचो, किती माणसाळलेली पोर!

तिथं सांभाळणाऱ्या बायकांना 'दादा' म्हणतात. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. त्यांतली एक नऊ वर्षं तिथं होती. एकदा दुपटी वाळत घालताना मी तिला म्हटलं, ही किती गोड आहे, कुणाकडेही जाते. तिनं हातातलं दुपटं तसंच धरलं आणि म्हणाली, "माझी मुलगी एवढी होती तेव्हा मला सोडून कुणाकडे जायची नाही. रडून घर डोक्यावर घ्यायची. लेकरानं असं असायला हवं."

मला तेव्हा ते पुरतं कळलं नाही. कळलं निघाल्यावर. मी येऊन आठ दिवस झाले असतील, त्या दादानं व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला. पोर चार दिवस नीट खात नव्हती. चमचा पुढे केला की समोरच्या बाईचा अंगठा शोधायची, धरायची, आणि सोडून द्यायची. तक्रार म्हणून नव्हतं लिहिलं तिनं. विचारलं होतं, तू कसं भरवायचीस ते सांग. सखे, मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि तासभर उठले नाही. माझ्याआधी तीन आठवड्यांसाठी, महिन्यासाठी अशा कितीजणी येऊन गेल्या असतील, आणि प्रत्येकीनं आपापला अंगठा तिच्या मुठीत दिला असेल. प्रत्येकीला वाटलं असेल, आपण माया केली.

त्यानंतर मी वाचायला लागले. जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला होता. तान्ह्या बाळाला आई किंवा तिच्या जागी कायमचं एक माणूस लागतं, ते त्यांनी तेव्हाच मांडून ठेवलंय. रुमानियात बुखारेस्टला २००० साली संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी घराघरांत सांभाळायला दिली, आणि जी दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांची वाढ नंतर गेलेल्यांपेक्षा चांगली झाली. २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीन वर्षांखालच्या बाळाला शक्यतो कुटुंबातच ठेवावं, असं आहे. म्हणजे जे त्या दादाला दुपटी वाळत घालताना माहीत होतं, ते जगाला कधीचं माहीत आहे.

आणि 'अनाथ' म्हणशील तर 'सेव्ह द चिल्ड्रन'नं २००९ सालीच लिहिलंय की जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील, कुणीतरी जिवंत आहे. काही देशांत तर पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून खेड्यांतून मुलं आणून संस्था भरतात. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीचा कायदा करताना याची दखल घेतली. मी होते ते घर असं नव्हतं, माणसं चांगली होती. पण माझ्या विमानाच्या तिकिटात त्या आजीच्या नातीचं कित्येक महिन्यांचं दूध आलं असतं, आणि पोर आजीपाशीच राहिली असती. हा हिशोब मी गणिताची मास्तरीण असून जाण्याआधी केला नाही.

तुझे वडील इथं बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी १९०१ पासून काढलेल्या बोर्डिंगांमुळे खेड्यातली पोरं शिकली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या पोरांच्या ट्रंकेत आईनं दिलेल्या दशम्या होत्या आणि सुट्टीत जायला घर होतं. बोर्डिंग आणि बाळांच्या संस्थेतलं पोरकेपण, यांतला फरक लेकीला तूच समजावू शकशील, आजोबांच्या गोष्टीतून.

आता म्हणशील, मग तिनं करायचं तरी काय? मी करते ते सांगते. इथल्या एका बालगृहात मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. बाळांना उचलत नाही. दुपट्यांच्या घड्या घालते, दुधाच्या बाटल्या उकळते, औषधांची वही लिहिते. तेवढ्या वेळात तिथल्या मावशीला, जी रोज असते, एकेका बाळाला मांडीवर घेऊन सावकाश भरवता येतं. सुरुवातीला हात शिवशिवायचे, अजूनही शिवशिवतात. बाळ हात वर करतं तेव्हा मी मावशीला हाक मारते. याशिवाय ज्यांचं एक पालक गेलंय किंवा जी आजीकडे राहतात, अशा मुलांच्या घरच्यांना बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून देते. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पैसे थोडेच, पण कागद जुळवता न आल्यामुळे तेही सुटतात, आणि मग पोर संस्थेत येतं.

शिकवायचंच असेल तर दिवाळीनंतर लेकीला माझ्याकडे पाठव. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, आणि त्यांतल्या मुलांची शाळा पाच-सहा महिने सुटते. मोठ्या बहिणीनं धाकट्याला सांभाळायचं, हे ठरलेलंच. या मुलांसाठी हंगामात भरणाऱ्या साखरशाळेला माणूस कायम कमी असतो. पूर्ण हंगाम राहायचं, उसाचं गाळप संपेपर्यंत. चिलटं, धूळ, थंडी, सगळं आहे. राहायला माझी वरची खोली आहे.

आणि त्यानंतरही तिला परदेशी जावंसं वाटलं तर मी स्वतः तिची बॅग भरून देईन. फक्त एक अख्खं शैक्षणिक वर्ष, निदान एक सत्र तरी. तिथली शाळा जानेवारीत सुरू होते. टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, टांझानियात स्वयंसेवकाला वेगळा परवाना काढावा लागतो. मध्यस्थ संस्था "त्याची गरज नाही" म्हणाली की समजायचं, तिथं जायचं नाही. मला एकीनं तसंच सांगितलं होतं. मुलांमध्ये पाठवताना पोलिसांचा दाखला मागतात का, तेही बघ. जी संस्था कुणालाही, कितीही दिवसांसाठी बाळांपाशी जाऊ देते, ती आपल्याही लेकीला तशीच घेणार. पिवळ्या तापाची लस लागते का ते आधी विचारून घ्यायचं. लागत असेल तर निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि कार्ड जपून ठेवायचं, परत येताना विमानतळावर मागू शकतात. स्वाहिली इथूनच शिकून जाऊ दे. मी शिकवते.

तिला हे पत्र वाचायला दे. माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर कधीही फोन कर म्हणावं, रात्री उशिरा केला तरी चालेल.

ती पोर आता आजीकडे आहे, हे सांगायचं राहिलंच. दोन वर्षांची झाली तेव्हा नेली. गेल्या महिन्यात दादानं फोटो पाठवला. केळीखाली आजीचा कांगा, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते कापड, मुठीत धरून उभी आहे, आणि फोटो काढणाऱ्याकडे बघून तोंड वाकडं केलंय, रडायच्या बेतात. कुणाकडे जात नाही म्हणे आता, आजीला सोडून.

पाऊस थोडा ओसरलाय. बंधाऱ्यावर जाऊन येते.

तुझीच,
एका बाकावरची