नौपाड्यातल्या काकूंना, रेसिपी वाचायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काकू,

नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलणार नाही, आणि सोसायटीला तसंही कळायचं ते कळणारच.

अण्णांचा रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढल्यावर डॉक्टरांनी "मीठ, तेल, गोड कमी करा" एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हिची ड्युटी शिफ्टची, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे. फोनवर 'हेल्दी रेसिपी' शोधायला बसलो तर समोर काय, किनोआ, केल आणि अ‍ॅव्होकाडो. अण्णांपुढे यातलं एक तरी नाव काढायची माझी छाती नव्हती. जिन्यात तुम्ही भेटलात म्हणून सहज बोललो. तुम्ही रेसिपी दिलीच नाहीत. उलट विचारलंत, "जेवणारी माणसं किती? अण्णांना चावता काय काय येतं? आणि डबा कोणाकोणाचा जातो?" जन्मभर गृहविज्ञान शिकवलेल्या बाईलाच हे सुचावं. मी आपला नाचणीच्या केकवर अडकलो होतो.

मग तुम्ही मला मराठी ग्रंथ संग्रहालयात नेलंत. संस्था 1893 ची, मी जन्मापासून ठाण्यात, पण पाककृतींसाठी कधी तिथे गेलो नव्हतो. तुमचा नियम कडक: पुस्तक आधी वाचायला आणायचं, त्यातले रोजच्या जेवणातले दोन पदार्थ करून बघायचे, जमले तरच विकत घ्यायचं. फोटोंना भुलायचं नाही. शिवाय तुमच्याकडची 'रुचिरा'ची प्रत दिलीत. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 सालचं. आमच्या आईकडेही होतं, पण ते पथ्याचं पुस्तक म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. "ते पथ्याचं नाहीच," तुम्ही म्हणालात, "पण त्यात वाटी-चमच्याचं माप आहे. माप असलं की कमी करता येतं. 'अंदाजे तेल' लिहिलंय त्यातून तू काय कमी करणार?" तुमच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे मी पुस्तकापेक्षा जास्त वाचले. 'तेल निम्मं, फरक नाही.' 'गूळ कमी केला, बिघडलं.' एका पानावर नुसतंच 'ह्यांनी खाल्लं नाही.'

इंटरनेटवर शोधायचं तेही तुम्हीच शिकवलंत. 'हेल्दी' हा शब्द काढून टाकायचा. घरात आहे ती भाजी, सोबत डाळ किंवा पीठ आणि पुढे 'प्रमाण' एवढंच मराठीत टाकायचं. 'दोडका मूगडाळ प्रमाण' असं टाकल्यावर आपल्याकडच्या माणसांनी केलेलं, आपल्या भांड्यांत मावणारं जेवण समोर येतं. रेसिपी किती जणांसाठी आहे ते आधी बघायचं. ते लिहिलं नसेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. परदेशी रेसिपीतला कप 240 मिलिलिटरचा, आपली आमटीची वाटी बहुतेक त्याहून बरीच लहान. हे माहीत नसल्यामुळे किती घरांत रवा घट्ट गोळा झाला असेल कोण जाणे! आणि व्हिडिओ असेल तर फोडणीपाशी थांबवायचा. तोंडाने 'एक चमचा तेल' आणि हातातल्या बुधलीतून धार चालूच, हे तुम्ही दाखवलंत तेव्हापासून मला कुठलाही व्हिडिओ सरळ बघता येत नाही.

एका 'बिनतेलाच्या' भाजीचा तर तुम्ही पंचनामाच केलात. तेलाचा थेंब नाही, पण वाटणात 50 ग्रॅम काजू. काजूत जवळजवळ निम्मी चरबीच. म्हणजे वीस-बावीस ग्रॅम, पाच लहान चमचे तेलाइतकी. वर 'साखर नाही, गूळ आहे' अशी फुशारकी. अण्णांच्या रक्तातल्या साखरेला गुळाचं कौतुक नसतं, हे तुमचं वाक्य मी फ्रिजवर चिकटवलंय.

आकडे ताडून बघायचे तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे, असं तुम्ही बजावलंत. तिथली 2017 ची अन्नघटकांची कोष्टकं आणि 2024 ची आहाराबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. भाकरीला 40 ग्रॅम पीठ धरलं तर एका भाकरीत साधारण 140. हा हिशेब अण्णांना सांगितला आणि ज्या भाकरीला ते नाक मुरडत होते ती आता मागून घेतात. जुने बँकवाले, आकड्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

मिठाची डबी मात्र सगळ्यांत कामाची निघाली. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचाभर, त्याहून जास्त नको. आम्ही चौघं. सकाळी चार चमचे डबीत काढायचे, दिवसभराचा स्वयंपाक त्यातच. खरं तर चाराऐवजी तीनच काढायचे, कारण लोणचं, पापड आणि बाहेरचा पाव यांचं मीठ डबीत दिसत नाही. पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या आमटीपर्यंत डबी रिकामी झाली होती. आता रात्री चिमूटभर उरतं. आमसूल, लिंबू, भाजलेलं जिरं यांच्यावर भागतं, थोडी कुरकुर होते, ती होणारच.

एका गोष्टीसाठी विशेष आभार. कमी सोडियमचं मीठ आणू का, असं विचारल्यावर तुम्ही साफ सांगितलंत, "त्यात पोटॅशियम असतं. अण्णांच्या गोळ्या आणि किडनी बघून डॉक्टर ठरवतील, मी नाही." सगळंच माहीत असल्यासारखं बोलणारे व्हिडिओ बघून कान किटले होते, म्हणून हे फार बरं वाटलं.

आणि जांभळी नाका! पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी घ्यायला तुम्ही मला तिथल्या बाजारात पाठवलंत, वर सांगितलंत की रेसिपी विकणारीलाच विचार. तिने काकडं, म्हणजे शेवळांत घालायची आंबट रानफळं, घेतल्याशिवाय शेवळं द्यायचंच नाकारलं, "घसा धरंल, मंग मला शिव्या देशील." साफ कशी करायची, आतलं काय काढून टाकायचं, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. त्या दिवशी ही भाजी खाल्ली आणि अण्णा कितीतरी दिवसांनी आईच्या हातच्या चवीबद्दल न बोलता जेवले.

'रुचिरा' रविवारी आणून देतो. सोबत थालीपीठ आणतो, तव्यावर एका चमचा तेलातलं. दिवाळीचं मात्र आत्ताच सांगून ठेवतो. ओव्हनमधल्या चकलीचा विषय तुम्ही काढणार हे मला माहीत आहे. अण्णा म्हणतात ती चकली नव्हेच, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा