वहिनी, तुझ्या मापाच्या वहीतलं माझं पान

प्रिय वहिनी,

तोंडावर आभार मानले असते तर 'पुरे गं, तव्यावरची भाकरी करपंल' म्हणून तू आत निघून गेली असतीस. म्हणून चारचौघांत लिहितेय.

परवा काजाचा दोरा शोधताना तुझी मापाची वही हाती लागली. छाती, कंबर, मुंढा, बाही अशी गावभरच्या बायकांची मापं आणि मध्येच एक पान माझं. वर लिहिलंयस 'वन्सं'. (चिडवायचं असलं की मी वन्सं, एरवी नावानं हाक.) खाली दोनच रकाने : उजवी मांडी, डावी मांडी. पहिली नोंद गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रविवारची. उजवी पावणेअठरा इंच, डावी सव्वासोळा. त्या दिवशी टेप गुंडाळत तू म्हणाली होतीस, "ब्लाउज असता तर टिपा घालून बसवला असता." मी हसले नव्हते. आता हसू येतं.

डिसेंबरातल्या त्या रात्रीच्या कबड्डीच्या सामन्याला तू नव्हतीस, म्हणून सांगते. मला कुणी धरलं नव्हतं, पट काढला नव्हता. बोनसचा गुण घेऊन परत वळायचं, एवढंच. डावा पाय रोवला, अंग फिरलं आणि मॅटला चिकटलेला बूट फिरलाच नाही. हरभऱ्याचा घाटा फुटावा तसा गुडघ्यात आवाज आला. मातीवर असते तर पाय घसरला असता आणि वाचले असते, असं आपलं मला अजून वाटतं.

पुढचे सहा आठवडे तेल चोळण्यात गेले. कुणी चोळलं ते लिहीत नाही, गेलो आपणच होतो. सूज उतरली, घरात पेढे आले आणि चौथ्या दिवशी जिना उतरताना गुडघा निसटला. तेव्हा एमआरआय झाला. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारं, नडगीला पुढं सरकू न देणारं लिगामेंट पुरतं तुटलं होतं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीमागच्या दोऱ्या काढून तिथं बसवल्या.

दादानं गाडी फिरवली, आप्पांनी म्हैस विकली, आईनं कमोडची खुर्ची आणून आजीची बोलणी खाल्ली. त्यांचे आभार घरात मानून झालेत. पण घरी आल्यावरची पहिली रात्र तुझी-माझी होती.

टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, पाय सरळ, गुडघा खाली दाबून मांडी आवळायची आणि दहा मोजायचे. सगळ्यात सोपा व्यायाम. मी जोर लावत होते आणि मांडी ढिम्म. कुणा दुसऱ्याचाच पाय अंथरुणात ठेवल्यासारखा. सूज असली की मेंदूचा हुकूम त्या स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, हे कराडच्या फिजिओ मॅडमनी नंतर सांगितलं. त्या रात्री मला वाटलं, संपलं. तू गुडघ्याखाली हात सरकवलास आणि म्हणालीस, "पायाचा विचार करू नको. माझा हात चिरड." दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू एकदम म्हणालीस, "दाबलास!" मला काहीच कळलं नव्हतं. तुझ्या तळव्याला कळलं होतं.

मॅडमकडं आठवड्यातून एकदाच जाणं परवडायचं. बाकीचे सहा दिवस तुझा दवाखाना. पंच्यात बांधलेला बर्फ, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. सरळ पाय उचलायचा, दहाचे तीन फेरे. तू मशीनवर, मी खाली सतरंजीवर, पायडलच्या तालावर तुझे आकडे. मी आठावर पाय टेकवला की मशीन थांबायचं. मान वर न करता तुला कसं कळायचं?

चैत्रात जत्रा आली तेव्हा मी चांगली चालत होते, पळूनही दाखवते म्हणत होते. मॅडमनी बजावलं होतं की दुसरा-तिसरा महिनाच फसवा असतो : दुखणं कमी होतं, पण बसवलेला दोर तेव्हाच सगळ्यात कच्चा असतो, त्यात नवं रक्त भरायचं असतं. माझ्या डोक्यात ते शिरेना. तू परड्यातल्या आंब्याच्या कलमाकडं बोट केलंस. "पालवी फुटली म्हणून त्याला झोका बांधशील का?"

तरी मी बांधलाच. जुलैच्या पावसात मारुतीच्या सभामंडपात चोरून तीन चढाया केल्या, एकटीनंच, 'कबड्डी कबड्डी' पुटपुटत. तुला कुणी सांगितलं माहीत नाही. दोन दिवस तू बोलली नाहीस. आकडे मात्र मोजलेस, तेही पाठ फिरवून.

दादा मला कुस्तीतल्या विनेश फोगाटचे व्हिडिओ दाखवायचा. २०१६ला रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून नेलं आणि २०१८ला जकार्तात एशियाडचं सोनं. व्हिडिओत हे सगळं तीन मिनिटांत होतं. मधली दोन वर्षं तिनं कशी काढली असतील, हे मला तुझ्या त्या दोन रकान्यांवरून थोडं कळतं. सव्वासोळाचे साडेसोळा व्हायला पाच रविवार लागले होते.

नवव्या महिन्यात उडीची चाचणी. ओट्यावर तू शिंप्याच्या खडूनं रेघ मारलीस. एका पायावर उडी आणि त्याच पायावर टेकायचं. उजवी १४२ सेंटिमीटर, डावी ११७. निदान नव्वद टक्के हवे होते, आले ब्याऐंशी. डिसेंबरात निवड चाचणी होती, म्हणून मी रडले. मॅडमनी नॉर्वेतल्या खेळाडूंवरच्या २०१६च्या अभ्यासाचं सांगितलं : नवव्या महिन्यापर्यंत मैदान जितकं पुढं ढकलाल, तितकी गुडघा पुन्हा जायची शक्यता दर महिन्याला जवळजवळ निम्म्यानं उतरते. मी म्हटलं, नऊ महिने तर झालेच की. तू म्हणालीस, "महिने झाले, पाय झाला नाही." जानेवारीत १४५ आणि १३४. तो खडू तू पुसू दिला नाहीस.

ताकद आली तरी डाव्या पायावर वळताना मी कचरत होते. मॅडमनी परवानगी दिल्यावर अंगणात ओचा खोचून मला पकडायला उजव्या कोपऱ्यातली खेळाडू कोण झालं, हे शेजारच्या काकूंनी सगळ्यांना सांगितलंच आहे. तुला कबड्डीतलं ओ का ठो कळत नाही. पण घोट्यावरची पकड, बाई गं, जिल्ह्यात कुणाची नसेल.

मागच्या आठवड्यात पहिला सामना झाला. पहिली चढाई रिकामी. चढाईत ओलांडावीच लागते ती निदानरेषा ओलांडली, डाव्या पायावर वळले, परत आले. गुण नाही. मला तेवढंच हवं होतं.

एक गोष्ट मात्र तू लपवलीस. लगीनसराईत माझे आकडे मोजता मोजता तू एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यास आणि कापड पदरचं घालून दिलंस. आईनं काल सांगितलं. आम्हा सगळ्यांना सामन्याचं मानधन पाचशे रुपये मिळालं. ते तुझ्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली ठेवलेत. पैठणीच्या तुकड्याला पुरायचे नाहीत, माहीत आहे. उरलेले पुढच्या सामन्याचे. आणि परत माझ्या उशीखाली आणून ठेवू नकोस.

तुझी
वन्सं