सर तुझी गोष्ट वाचतायत

प्रिय नंदे,

फोनवर हे बोलता आलं नसतं, आमच्याकडे एकाचा फोन म्हणजे सगळ्यांचा असतो, म्हणून टाइप करतेय. मी बरी आहे, शुगर आहे तिथंच आहे, ह्यांची पाठ अधूनमधून धरते. झालं.

आता ऐक. आपल्या गोष्टी वाचायच्या कट्ट्यावर सर तुझी गोष्ट वाचतायत. स्वतःची म्हणून!

कुठली काय विचारतेस, मंगळावरच्या मुलीची. आई पंचवटीत, लेक मंगळावर, निरोप पोचायला वीस मिनिटं, म्हणून आई उत्तराची वाट न बघता बोलत सुटते, ती. ज्या गोष्टीवर सर म्हणाले होते की "यात विज्ञान कुठंय, मंगळाच्या जागी मस्कत टाका, काही बिघडत नाही," आणि तू चहा अर्धा टाकून निघून गेलीस, आणि मी सरांच्या बाजूनं बोलले म्हणून दिवाळीचा फराळसुद्धा पाठवला नाहीस. (शेवट कच्चाच आहे, मी अजूनही म्हणते.)

सरांचं विसरणं तुला वहिनींकडून कळलं असेलच. पण ते इतकं आहे हे मला २०२५च्या मेमधे नारळीकर गेले तेव्हा कळलं. श्रद्धांजलीच्या सभेत सरांनी नेहमीचा किस्सा सांगितला, १९७४ची मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा, ज.वि.ना. उलटं करून नारायण विनायक जगताप हे नाव, अक्षर ओळखू नये म्हणून मंगलाताईंकडून लिहून घेतलेली गोष्ट, आणि पहिलं बक्षीस. छान सांगितलं. खाली बसले, चष्मा पुसला, उठले आणि पहिल्यापासून परत सांगितलं. कुणी हललं नाही. नाशिकच्या संमेलनाला २०२१ साली नारळीकर अध्यक्ष असून तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, तेव्हा सर सहीसाठी पुस्तक घेऊन, नवा झब्बा घालून गेले होते ना, तेही आता "आमची भेट झाली होती" असं सांगतात. मी दुरुस्त करत नाही.

आणि गंमत अशी की घोळ त्या जगतापांमुळेच झालाय. त्यांच्यावरूनच तर सरांनी नियम काढला होता की कागदावर नाव घालायचं नाही, गोष्ट आधी आणि माणूस मागाहून. त्यामुळे त्यांच्या फायलीत सगळ्यांच्याच बेवारशी गोष्टी. वहिनींनी कपाट आवरताना ती फाइल काढून दिली, सरांनी वरची उचलली, ती तुझी. मला लांबूनच ओळखू आली, कारण टायपिंग क्लासच्या त्या मशीनचा ळ तुटलेला होता आणि तू प्रत्येक मंगळाचा ळ हिरव्या पेनानं हातानं घातलेला. सर त्या हिरव्या ळवर बोट ठेवत ठेवत वाचतात.

वाचतात मात्र काय गं! आता कट्ट्यावर इंजिनिअरिंगची पोरं येतात, सायफाय सायफाय करतात, सगळं बघून झालेली, पण आई म्हणते "तू ऐकशील तेव्हा माझी भाजी झालेली असेल" तिथं एक पोरगी चक्क डोळे पुसत होती. पुढच्या महिन्यात सरांनी परत तीच वाचली, पोरं परत गप्प ऐकत बसली. त्याच्या पुढच्या वेळी मधेच थांबले. खिशातून पेन्सिल काढली, पाकिटाच्या मागे आकडेमोड. मंगळ जवळ असला तर साडेपाच कोटी किलोमीटर, म्हणजे तीन मिनिटं, लांब गेला तर चाळीस कोटी, म्हणजे बावीसच्या आसपास. मग वर बघून म्हणाले, "हे कुणी लिहिलंय? गोष्ट दोन वर्षं चालते आणि मिनिटं वीसची वीसच? मंगळ काय खिळा मारून बसवलाय?" अगदी तेव्हाचाच सूर, नंदे, शब्दसुद्धा तेच. मला वाटलं, आता आठवणार. पण पोरं हसली, सरही हसले, "माझंच चुकलंय, सुधारतो" म्हणाले आणि पुढे वाचायला लागले.

इथपर्यंत मी गप्प होते, कुणाचं काय बिघडतंय. पण आता पोरांनी ती टाइप करून दिवाळी अंकाला पाठवायचं ठरवलंय. सरांच्या नावानं. त्यांना सरप्राइज म्हणून! वहिनींना सांगावं तर त्या रडतील, पोरांना सांगावं तर सर चोर ठरतील, आणि सरांना काय सांगणार, ते मान्य करतील आणि पुढच्या रविवारी विसरतील, मधले आठ दिवस फक्त त्रास. आणि न सांगावं तर तुझी एकुलती एक धड गोष्ट, जी सरांनीच नाकारली, ती त्यांच्या नावावर छापून येणार. बंड्याला विचारलं तर म्हणे कोर्टात जा. बंड्या तसाच आहे.

वाचनालयवाले कट्ट्याची वरची खोली अभ्यासिकेला मागतायत, तोही एक ताप आहे, पण ते नंतर कधीतरी.

तुझं काय? सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं का? लेकीचा व्हिसा आला का? बाबांना नमस्कार सांग.

पोरांना मी महिनाअखेरपर्यंत थांबवलंय, टायपिंग मी तपासते म्हणून. तेवढ्यात लिही, हो की नाही. सरांच्या नावानं जाऊ दे म्हणालीस तर जाऊ दे. पण मग शेवट मी बदलणार, आधीच सांगते.

तुझी,
माई